नांदेड ते लातूर : अंतर, कोस आणि वाट

(१) प्रश्नाचें स्वरूप

नांदेड व लातूर हीं मराठवाड्यांतील दोन प्रमुख शहरें. एक गोदावरीच्या उत्तर तीरावर, दुसरें मांजरेच्या दक्षिणेस. ह्या दोहोंमधील अंतर किती, हा प्रश्न सकृद्दर्शनीं इतका क्षुल्लक वाटतो कीं, त्यावर ह्या त्रैमासिकाचीं पानें कां खर्च करावीं अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. नकाशावर पट्टी ठेवावी व आकडा सांगावा, एवढेंच त्याचें उत्तर असतें तर आम्हीही ह्या विषयास हात घातला नसता. परंतु जुन्या कागदांत जेथें जेथें दोन गांवांमधील अंतर कोसांत किंवा मुक्कामांत दिलेलें आढळतें, तेथें तेथें संपादक एका ठराविक कोष्टकानें त्याचे मैल करून टीपेंत घालतात. आणि तो आकडा नकाशाशीं जुळला नाहीं म्हणजे लेखनिकास दोष देऊन, किंवा गांवाची ओळखच बदलून, मोकळे होतात. ह्या रीतीनें किती अस्सल कागद ‘अविश्वसनीय’ ठरले असतील हें सांगवत नाहीं. ती रीत कां सदोष आहे हें एका ठळक उदाहरणानें दाखवावें, ह्या हेतूनें आम्हीं नांदेड–लातूर ही जोडी निवडली आहे. तीस कारण असें कीं, ह्या दोन शहरांमधील सरळ अंतर अगदीं थोडें असून वाटेचें अंतर मात्र प्रत्येक युगांत निराळें होत गेलें आहे.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : कागदांतील कोसांचा आकडा हें भूमीचें माप नव्हे; तो वाटेचा पुरावा होय.

(२) भूमीवरील सरळ अंतर

प्रथम निर्विवाद भाग सांगून टाकूं. नांदेड सुमारें १९°९′ उत्तर अक्षांशावर व ७७°१९′ पूर्व रेखांशावर आहे. लातूर सुमारें १८°२४′ उत्तर व ७६°३४′ पूर्व. ह्यांवरून गणित केलें असतां दोहोंमधील सरळ अंतर सुमारें ११४ किलोमीटर, म्हणजे ७१ मैल, येतें. लातूर हें नांदेडच्या बरोबर नैर्ऋत्येस पडतें.

हें गणित आज शाळेंतील मुलासही करतां येतें, परंतु तें करण्याची सोय दक्षिणेंत दोनशें वर्षांपूर्वीं झाली. कर्नल लॅम्बटन ह्यानें त्रिकोणमितीची मोजणी दक्षिणेकडून वर आणीत १८१५ सालीं बिदरनजीक पायारेषा मोजली. पुढें तो आणखी उत्तरेस जात असतां १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें मरण पावला. त्याचा साहाय्यक एव्हरेस्ट ह्याजकडे त्याच सुमारास बिदरच्या बाजूनें पश्चिमेस मुंबईच्या रोखानें त्रिकोणांची माळ नेण्याचें काम होतें. बिदरची पायारेषा १८४१ सालीं पुन्हां मोजण्यांत आली. ह्या मोजणीनंतरच मराठवाड्यांतील गांवांचीं परस्परांपासूनचीं अंतरें वाटेची अपेक्षा न ठेवतां सांगतां येऊं लागलीं.

त्यापूर्वीं सरळ अंतराची कल्पना आपल्याकडे नव्हतीच असें मात्र कोणी समजूं नये. ज्योतिषशास्त्रांतील ‘देशांतर’ हा संस्कार तीच कल्पना होय. लंका–उज्जयिनी ही मध्यरेषा धरून तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गांवाचें अंतर काढावयाचें व तितकीं पळें सूर्योदयाच्या गणितांत मिळवावयाचीं वा वजा करावयाचीं, ही रीत पंचांगकर्त्यांच्या नित्य परिचयाची होती. उज्जयिनीच्या रेषेपासून लातूर सुमारें ८ पळें व नांदेड सुमारें १५ पळें पूर्वेस आहे. म्हणजे नांदेडास माध्यान्ह झाल्यावर लातुरास ती होण्यास सात-साडेसात पळें, इंग्रजी मानानें सुमारें तीन मिनिटें, लागतात. ह्या दोन शहरांमधील सर्वांत जलद प्रवासी अर्थातच सूर्य होय.

(३) योजन आणि कोस

आतां मापांकडे वळूं. भास्कराचार्यांनी लीलावतींत दिलेलें कोष्टक सर्वश्रुत आहे : चोवीस अंगुलांचा हस्त, चार हस्तांचा दंड, दोन सहस्र दंडांचा क्रोश, चार क्रोशांचें योजन. हस्त दीड फुटांचा धरला तर क्रोश सव्वादोन मैलांहून किंचित् अधिक व योजन नऊ मैलांचें, म्हणजे साडेचौदा किलोमीटरांचें, होतें. ह्या हिशेबानें नांदेड–लातूर अंतर आठ योजनेंही भरत नाहीं. परंतु त्याच भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें सांगितला आहे. आज ठाऊक असलेला परिघ घेऊन त्यावरून योजन काढलें तर तें आठ किलोमीटरांचें येतें, आणि तेंच अंतर चौदा योजनें होतें! एकाच ग्रंथकाराच्या दोन वाक्यांवरून आठ आणि चौदा असे दोन आकडे निघतात. ह्यांत भास्कराचार्यांचा दोष कांहीं नाहीं. कोष्टक हें मापांचें परस्परांशीं प्रमाण सांगतें. मापाची प्रत्यक्ष लांबी सांगत नाहीं. दोष असेल तर तो कोष्टकास गजकाठी समजणाऱ्याचा.

कोसाची स्थिति ह्याहून बिकट आहे. ऐने-अकबरीप्रमाणें बादशाही कोस पांच हजार इलाही गजांचा. गज ३३ इंचांचा धरल्यास हा कोस २.६ मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरांहून थोडा अधिक, होतो. मराठी मुलखांत लोकव्यवहारांतला कोस साधारणपणें दोन मैलांचा समजला जातो. म्हणजे एकाच वाटेचे बादशाही अंमलदारानें लिहिलेले २८ कोस व गांवच्या कुळकर्ण्यानें लिहिलेले ३६ कोस हे दोन्ही आकडे खरे असूं शकतात.

मेजर रेनेल ह्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा नकाशा तयार करतांना ह्या अडचणीस तोंड दिलें. त्यानें निरनिराळ्या प्रांतांतील कोसांची लांबी निरनिराळी धरली, आणि दक्षिणेकरितां फ्रेंच सेनापति बुसी ह्याच्या फौजेच्या मजलींच्या टिपणांचा मोठा आधार घेतला. त्याची पद्धति आजच्या कागदसंशोधकांनीही ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रथम वाट कोणती हें ठरवावें, मग कोस कोणता हें ठरवावें, आणि शेवटीं आकडा वाचावा. आमच्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो.

(४) प्राचीन काळ

प्राचीन काळीं अंतर मोजण्याचें सर्वांत विश्वसनीय माप म्हणजे दिवस. पेरिप्लस नांवाच्या ग्रीक नौकाग्रंथांत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, असें म्हटलें आहे कीं भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे व तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर. माल गाड्यांवर घालून बिकट मुलखांतून भडोचेस नेत, असाही उल्लेख आहे. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें डॉ. फ्लीट ह्यांनी १९०१ सालीं दाखविलें. तेर लातुरापासून फार दूर नाहीं. एका टप्प्यावर आहे. भडोच ते पैठण सरळ अंतर सुमारें ३५० किलोमीटर भरतें; वीस दिवसांनी भागल्यास रोजची चाल साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर सुमारें १५० किलोमीटर. दहा दिवसांनी भागल्यास पंधरा. म्हणजे ग्रंथकारानें ‘पूर्वेस’ म्हटलें असलें व तेर वस्तुतः आग्नेयेस असलें तरी दिवसांचा हिशेब चोख आहे. दिशा चुकते, दिवस चुकत नाहीं. कारण दिवस हे वाट चाललेल्या माणसाच्या पायांनी मोजलेले असतात. ह्याच चालीनें लादलेल्या गाड्यांस नांदेडाहून लातुरास येण्यास सात दिवस लागावयाचे.

नांदेडचा प्राचीन उल्लेख ह्या विषयाच्या दृष्टीनें विशेष अर्थपूर्ण आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेंतील दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट वाशीम येथें सांपडला. त्यांत दान दिलेलें गांव ‘नांदीकड’ ह्याच्या उत्तरमार्गांत असल्याचें नमूद आहे, आणि नांदीकड म्हणजे नांदेड हें महामहोपाध्याय मिराशी ह्यांचें मत सर्वमान्य झालें आहे. येथें ‘मार्ग’ हा शब्द प्रांताच्या विभागाचा वाचक आहे. वाट हेंच मुलखाचें नांव! नांदेडच्या उत्तरेकडील मुलूख म्हणजे नांदेडाहून उत्तरेस जाणारी वाट, असें समीकरण चौथ्या शतकांतील लेखनिकाच्या मनांत होतें. मुलूख आधीं व रस्ता मागाहून, असा आजचा समज त्या काळास लागू पडत नाहीं.

लातुराचें प्राचीनत्व राष्ट्रकूटांच्या बिरुदावरून सिद्ध होतें. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ किंवा तत्सदृश बिरुद राष्ट्रकूट राजे व पुढें सौंदत्तीचे रट्ट आपणांस लावीत. हें लट्टलूर कोठलें, ह्याविषयीं एकेकाळीं वाद होता. छत्तीसगडांतील रतनपुरापर्यंत तें नेण्याचा प्रयत्न झाला. डॉ. अळतेकर ह्यांनी १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत तें लातूरच होय ह्या पक्षाचें समर्थन केलें, आणि आतां त्याविषयीं शंका उरलेली नाहीं. नांदेड व लातूर ह्यांच्या दरम्यान असलेलें कंधार हेंही राष्ट्रकूटांच्या संबंधानें प्रसिद्ध आहे. तेथील मोठ्या तलावास जगत्तुंग हें राष्ट्रकूट राजांचें नांव आहे. म्हणजे दहाव्या शतकापर्यंत नांदेड, कंधार व लातूर हीं तिन्ही स्थळें एका राजसत्तेखालीं नांदत होतीं व त्यांना जोडणारी वाट जवळजवळ सरळ होती. नकाशावर नांदेड–कंधार ३१, कंधार–अहमदपूर ३५ व अहमदपूर–लातूर ५० असे टप्पे धरले तर एकूण ११६ किलोमीटर होतात. सरळ रेषेपेक्षां अवघे दोन अधिक.

(५) किल्ल्यांची वाट

बहामनी राज्याच्या उदयानंतर हा क्रम बदलला. महत्त्व लातुराकडून औशाकडे गेलें. औसा, उदगीर व कंधार हे तीन भुईकोट ह्या मुलखाच्या किल्ल्या बनल्या, आणि वाटा त्यांच्या दरवाजांतून जाऊं लागल्या. शहाजहानच्या कारकीर्दींत कंधार १६३१ सालीं व उदगीर आणि औसा १६३६ सालीं मोगलांनी घेतले. निजामशाही बुडविणाऱ्या त्या मोहिमेचा क्रम पाहिला म्हणजे कळतें कीं ह्या तिहींची एक सांखळी होती. पुढें नांदेड हें मोगलांच्या तेलंगण सुभ्याचें ठाणें होतें. तरी तेथून नैर्ऋत्येस जावयाचें तर जें नांव कागदांत येईल तें औशाचें, लातुराचें नव्हे. संशोधकानें ‘नांदेड–लातूर’ अशी वाट दप्तरांत शोधूं लागणें म्हणजे जें त्या काळीं नव्हतें तें शोधणें होय.

ह्या किल्ल्यांच्या वाटेचे सरळ टप्पे येणेंप्रमाणें :

नांदेड ते कंधार — ३१ कि. मी.
कंधार ते उदगीर — ५७ कि. मी.
उदगीर ते औसा — ६७ कि. मी.
औसा ते लातूर — १८ कि. मी.
एकूण — १७३ कि. मी., म्हणजे सुमारें १०८ मैल.

पूर्वोक्त सरळ वाटेपेक्षां ही वाट दीडपट लांब आहे. आतां कोसांचा हिशेब मांडूं. सरळ वाट दोन-मैली कोसानें ३६, बादशाही कोसानें २८. किल्ल्यांची वाट दोन-मैली कोसानें ५४, बादशाही कोसानें ४१. शिवाय प्रत्यक्ष चालीस वळणें पडतातच. आजचा पक्का रस्ता सुद्धां सरळ रेषेपेक्षां जवळजवळ चतुर्थांशानें लांब आहे. तीं वळणें सरळ वाटेच्या ३६ कोसांत मिळविलीं तर ते ४४ होतात. ह्यावरून उघड होतें कीं एखाद्या कागदांत ह्या दोन गांवांमधील अंतर ‘सुमारें ४० कोस’ लिहिलेलें आढळलें तर तें सरळ वाटेचे लहान कोस असूं शकतील, अथवा किल्ल्यांच्या वाटेचे मोठे कोस असूं शकतील. आकडा तोच, वाटा दोन. त्यांतील खरी कोणती हें आकडा सांगणार नाहीं. मुक्कामांचीं नांवें सांगतील. कागदांत ‘उदगीर’ हें एक नांव आलें कीं निर्णय झाला.

१७६० सालची उदगीरची लढाई ही ह्याच वाटेवरची. सलाबतजंग व निजामअली ह्यांची फौज उदगिराहून औशाच्या रोखानें सरकत असतां सदाशिवरावभाऊंच्या सैन्यानें तिला घेरीत आणलें, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजीं निजामाचा मोड झाला. साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, अशीरगड, बऱ्हाणपूर इतकीं स्थळें ह्या एका वाटेवरील झटापटीनें पदरांत पडलीं. लढाईस नांव उदगीरचें मिळालें तरी तिचें क्षेत्र उदगीर व औसा ह्यांमधील सदुसष्ट किलोमीटरांच्या वाटेवर पसरलेलें होतें. ही वाट डोळ्यांपुढें न ठेवतां त्या वेळच्या पत्रांतील मुक्कामांची संगति लावूं गेल्यास घोंटाळा होतो, हा अनुभव अनेक अभ्यासकांचा असेल.

नांदेडची मुख्य वाट मात्र मुळांत ह्या दिशेची नव्हती. बऱ्हाणपुराहून गोदावरी ओलांडून हैदराबादेस जाणारा जो राजमार्ग, त्यावर नांदेड बसलेलें होतें. १७०८ सालीं बहादूरशहा कामबक्षावर चालून जातांना ह्याच मार्गानें आला व त्याच्याबरोबर आलेले गुरु गोविंदसिंग त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नांदेडास निवर्तले. लातुराचें तोंड उलट पश्चिमेकडे, बार्शी–सोलापुराच्या पेठांकडे. अशा रीतीनें हीं दोन शहरें शेजारी असूनही पाठीला पाठ लावून बसलेलीं आहेत, आणि त्यांच्यामधील अंतराचा सारा इतिहास ह्या एका गोष्टींत सांठवला आहे.

(६) नद्या आणि ऋतु

कोसांत न मावणारी आणखी एक गोष्ट ह्या वाटेवर आहे. नांदेड गोदावरीच्या उत्तर तीरावर असल्यामुळें प्रवाशास पहिल्याच पावलास गोदावरी उतरावी लागे, कंधाराजवळ मन्याड, आणि लातूर गांठण्यापूर्वीं मांजरा. मध्यें बालाघाटाचें पठार. सारी भूमि काळी. पावसाळ्यांत गाडीचें चाक आंसापर्यंत रुतावें अशी. आश्विनांत सात दिवसांची जी वाट, ती आषाढांत किती दिवसांची हें नद्याच ठरवीत. म्हणून मुक्कामांच्या यादीवर तिथि असल्यावांचून तिचा उपयोग अर्धाच होतो. एकाच स्थळीं चार दिवस मुक्काम पडलेला दिसला म्हणजे तेथें कांहीं राजकारण शिजत होतें असें अनुमान करण्याची घाई करूं नये. बहुधा नदीस पूर असतो.

मौज ही कीं, जी मांजरा वाटेस आडवी येते तीच लातूरकडील पाणी पुढें कंदकुर्तीजवळ गोदावरीस नेऊन मिळविते. म्हणजे पाण्यानें हीं दोन स्थळें जोडलेलीं आहेत. पण तो संगम नांदेडच्याही पुढें, पूर्वेस आहे.

(७) लोहमार्ग

आगगाडी आल्यानें अंतर कमी होतें हा सर्वसाधारण सिद्धांत आहे. नांदेड–लातूर हा त्यास ठळक अपवाद होय.

गोदावरी खोऱ्यांतून मनमाड ते सिकंदराबाद जाणारा मीटर मापाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला व नांदेड त्यावर आलें. लातुरास गाडी आली ती पश्चिमेकडून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी अरुंद मापाची गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. ती १९११ सालीं लातुरास पोंचली. ह्या गाडीनें लातूरच्या कापसाच्या व धान्याच्या पेठेस जो उत्कर्ष आला त्यामुळेंच औशाचें गेलेलें महत्त्व परत लातुराकडे आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु १९११ सालीं कोणा हट्टी गृहस्थानें नांदेडाहून लातुरास केवळ आगगाडीनेंच जाण्याचा संकल्प केला असता तर? नांदेड ते मनमाड मीटर मापानें. मनमाड ते दौंड व पुढें कुर्डुवाडीपर्यंत साडेपांच फुटी रुंद मापानें. आणि कुर्डुवाडी ते लातूर अडीच फुटी मापानें. तीन मापांच्या तीन गाड्या, आणि एकूण प्रवास आठशें किलोमीटरांहून अधिक. हैदराबाद–वाडी–सोलापूर अशी दुसरी वाट धरली तरी आठशेंच्या खालीं येत नाहीं. ११४ किलोमीटरांवरील गांवास जाण्यास ही सातपट प्रदक्षिणा! शहाणा माणूस अर्थातच बैलगाडी जोडीत असे, आणि सात दिवसांत पोंचत असे.

पुढें विकाराबाद–परळी मार्ग झाला. त्यावरील एका स्टेशनास ‘लातूर रोड’ हें नांव पडलें, कारण तें लातूर नव्हे. लातुराकडे जाण्याची वाट जेथें फुटते तें ठिकाण, लातुरापासून तीसहून थोड्या अधिक किलोमीटरांवर. कुर्डुवाडी जंक्शनचें नांवही पूर्वीं असेंच ‘बार्शी रोड’ होतें. स्थळनामांच्या अभ्यासकांनी हीं नांवें टिपून ठेवावीं. वाकाटकांच्या काळीं वाटेवरून मुलखास नांव पडलें, इंग्रजी काळीं वाटेवरून स्टेशनास.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ सालीं सरकारच्या मालकीची झाली, व कुर्डुवाडी–लातूर मार्ग २००७–०८ सालीं रुंद झाला. आतां नांदेडाहून लातुरास थेट गाडी जाते. पण ती पूर्णा, परभणी, परळी व लातूर रोड असा वळसा घेऊन. हें अंतर सुमारें २२० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेच्या जवळजवळ दुप्पट, आणि सुरुवात तर लातुराकडे पाठ करून वायव्येस जाण्यानें होते. लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या पक्क्या रस्त्यानें हेंच अंतर सुमारें १४० किलोमीटर आहे, व मोटारीस अडीच-तीन तास पुरतात. बैलगाडीची जुनी वाटच सुधारून आगगाडीवर मात करून बसली आहे.

(८) आकाशमार्ग

राहिलें आकाश. तेथें तरी वाट सरळ असावी, अशी अपेक्षा असते. दोन्ही शहरांस विमानतळ आहेत. नांदेडचा जुना तळ २००८ सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें नव्यानें बांधून सुधारण्यांत आला. लातूरचा तळ शहराच्या पश्चिमेस आहे. ताशीं पांचशें किलोमीटर चालीच्या लहान प्रवासी विमानास ११४ किलोमीटर कापण्यास गणितानें चवदा मिनिटें लागतील. चढणें, उतरणें व वळणें धरलीं तर अर्धा तास. सात दिवसांचे अर्ध्या तासावर! परंतु हा अर्धा तास वाटेचा नाहीं, केवळ रेषेचा आहे. रोज येजा करणारें विमान जेथें नाहीं तेथें आकाशमार्गानें जाणाऱ्यास दूरच्या तिसऱ्याच शहरावरून फिरून यावें लागतें, जसें १९११ सालीं मनमाडावरून फिरावें लागलें असतें. आकाशांत खांचखळगे नाहींत, नद्या नाहींत, घाट नाहींत. तरीही तेथें वाट ही माणसानें पाडावी लागतेच.

लातुरास गाडी आणणारा कॅलथ्रॉप हा उत्तर आयुष्यांत आगगाडी सोडून विमानांतून सुखरूप उतरण्याच्या छत्रीच्या मागें लागला, व त्याची ‘गार्डियन एंजल’ नांवाची हवाई छत्री पहिल्या महायुद्धाच्या काळांत प्रसिद्ध झाली, ही गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. जमिनीवरील वाट व आकाशांतील वाट ह्या दोन्हींचा विचार करणारा माणूस लातूरच्या इतिहासांत असा एक होऊन गेला.

(९) उपसंहार

एकाच दोन गांवांमधील अंतराचे आम्हीं येथवर किती आकडे पाहिले : सरळ ११४, रस्त्यानें १४०, किल्ल्यांवरून १७३, आजच्या गाडीनें २२०, आणि १९११ च्या गाडीनें आठशेंच्या वर. ह्यांतील एकही खोटा नाहीं. भूमि जागची हललेली नाहीं. बदलल्या त्या वाटा, आणि वाटा बदलल्या त्या सत्तेमुळें, पेठेमुळें, किल्ल्यांमुळें.

हा विचार केवळ जुन्या कागदांपुरता नाहीं. १९५६ पर्यंत अहमदपूर व उदगीर हे तालुके बिदर जिल्ह्यांत होते. म्हणजे नांदेडाहून लातुरास जाणाऱ्यास नांदेड, बिदर व उस्मानाबाद अशा तीन जिल्ह्यांतून जावें लागे. लातूर जिल्हा १९८२ सालीं झाला तेव्हां कोठें हीं दोन शहरें दोन लगतच्या जिल्ह्यांचीं ठाणीं बनलीं. २००९ च्या जानेवारींत नव्या महसुली विभागाचें ठाणें नांदेडास ठेवण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें केला, तेव्हां लातुरांत मोठा विरोध होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. त्या वादाच्या मुळाशीं ‘कोणाला किती दूर जावें लागेल’ हा जुनाच प्रश्न होता. एप्रिल २०१६ मध्यें लातुराचें पाणी आटलें. गोदाकांठही त्या वर्षीं शुष्क होता. तेव्हां सुमारें ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, आणि तें आलें कॅलथ्रॉपच्या जुन्या मार्गानें, कुर्डुवाडीवरून. एका शतकापूर्वीं कापूस पश्चिमेस नेण्याकरितां पाडलेली वाट लातुराच्या तोंडीं पाणी घालण्याच्या कामीं आली. वाट कोणत्या दिशेस पडली आहे ह्याचें महत्त्व ह्याहून अधिक स्पष्ट करणारा दाखला देतां येणार नाहीं.

शेवटीं कागदांच्या संग्राहकांस आमची विनंति. बाडें व रुमाल चाळतांना सनदा, महजर, राजकारणी पत्रें हीं काळजीनें वेगळीं काढलीं जातात. आणि वाटखर्चाचे हिशेब, मुक्कामांच्या याद्या, जासुदांच्या मुशाहिऱ्याचे कागद, जकातीच्या नाक्यांचे तक्ते, यात्रेकरूंचीं टिपणें हीं किरकोळ म्हणून बाजूस पडतात व तेथून वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतात. वरील विवेचन मान्य असेल तर हा क्रम बदलला पाहिजे. मराठवाड्यांतील वतनदार घराण्यांच्या, मठांच्या व क्षेत्रोपाध्यायांच्या संग्रहांत असा एखादा चार ओळींचा चिटोरा असेल, ज्यावर नदीच्या उतारास दिलेले दोन रुके व रात्रीच्या मुक्कामाचें गांव एवढेंच लिहिलें आहे. तो फेंकूं नये. त्यावरील तिथि, मुक्काम व कोस जसेच्या तसे उतरून घ्यावे. मैल करून छापूं नयेत. सनद राजानें कोणता मुलूख दिला हें सांगते. त्या मुलखांतून माणूस कसा चालला, हें सांगणारा साक्षी तो चिटोराच आहे.